पहिल्या साहेबांचं ऋण: मानायचं, की फिटलं म्हणून मोकळं व्हायचं?

अर्धविराम (धागा यांनी काढला)

माझे पहिले साहेब या महिन्यात निवृत्त होतायत. कंपनी त्यांनी स्वतः उभी केलेली. मी तिथे चार वर्षं होतो आणि सोडून आता सोळा झाली. जुन्या लोकांच्या ग्रुपवर आभाराचा पूर आलाय. 'आज जो काही आहे तो सरांमुळेच' छापाचे संदेश. मीही लिहायला बसलो आणि अडकलो, कारण एका जुन्या सहकाऱ्याने मला वेगळा मेसेज टाकला: "पगार दिला, काम करून घेतलं. त्यात उपकार कसले?"

माझं मत आधीच सांगतो. उपकार होते, आणि ते मोठेपणी नाकारणं म्हणजे हात झटकणं.

नोकरीला लागून पाच महिने झाले असतील. एका मोठ्या गिऱ्हाइकाला कोटेशन पाठवलं आणि त्यात वाहतूक धरायची राहिली. ऑर्डर हातात पडल्यावर लक्षात आलं. माल जड, सगळा नफा वाहतुकीतच जाणार होता. केबिनमध्ये शिरलो तेव्हा घशाला कोरड पडलेली. साहेबांनी कागद दोनदा वाचला, माझ्यासमोरच गिऱ्हाइकाला फोन लावला आणि सांगितलं, "दर दिलाय तोच राहील." चूक कुणाची, हा विषयच काढला नाही. फोन ठेवून एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "पाठवण्याआधी स्वतःला काय काय विचारायला हवं होतंस, लिही." मी सहा प्रश्न लिहिले. त्यांनी हिरव्या शाईने सातवा घातला: माल उतरवून कोण घेणार?

ती यादी आज माझी माणसं वापरतात. आता तिच्यात एकोणीस प्रश्न आहेत. याला काय म्हणायचं?

रोखठोक

याला प्रशिक्षण म्हणायचं. आणि त्याचे पैसे तुम्ही भरलेत.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये हे नीट मांडून ठेवलंय. कुठल्याही कंपनीत चालेल असं कौशल्य मालक स्वतःच्या खर्चाने शिकवायला जात नाही, कारण शिकून झालं की माणूस दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणून तो खर्च शिकणाराच उचलतो, सुरुवातीला कमी पगार घेऊन. फक्त त्याच कंपनीत उपयोगी पडेल असं काही असेल, तर मालकही त्यात वाटा घालतो. कोटेशन कसं करावं हे जगात कुठेही चालतं. म्हणजे फी तुमच्या खिशातून गेली, पावती मिळाली नाही एवढंच. पहिल्या दोन वर्षांत पगार किती वाढला होता, सांगता का?

अर्धविराम

वाढलाच नव्हता. तेवढं खरं.

पण फी तर आमच्या बॅचच्या सगळ्यांनीच भरली. दुसऱ्या खात्यात अशीच चूक झाली, तेव्हा तिथल्या मॅनेजरने पोराला चारचौघांत उभं करून सोलून काढलं. पगार तोच, कंपनी तीच. मला कोरा कागद मिळाला तो कुठल्या हिशेबात बसवायचा?

टाचणी

आता कुणीतरी एकलव्याचा अंगठा आणणारच, म्हणून मीच आणून ठेवते. चला, पुढे बोला.

शेवटचं पान

आणलाच आहे तर वापरते.

माझ्याही पहिल्या बॉसने मला खूप शिकवलं. मीटिंगमध्ये कधी गप्प बसायचं, आकडे तोंडपाठ का हवेत, 'नाही' कसं म्हणायचं. सहा वर्षांनी मी राजीनामा दिला, म्हणजे तेच 'नाही' त्यांना म्हटलं. त्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाले, "तुला मी घडवलं." आवाज चढलेला नव्हता. पण त्या दिवसापासून माझी प्रत्येक गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा व्हायला लागली. नव्या ठिकाणी त्यांनी फोन करून माझ्याबद्दल काय सांगितलं, ते मला वर्षभराने कळलं. पुढची तीन वर्षं प्रत्येक समारंभात मी त्यांचं नाव घेऊन आभार मानत होते, आणि ते भीतीपोटी. त्याला कृतज्ञता म्हणत नाहीत, मिंधेपणा म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

तुमचे साहेब तसे नसतीलही. तुम्ही सोडलंत तेव्हा ते काय म्हणाले?

अर्धविराम

"कुठे चाललास?" मी सांगितलं. "बरं." इतकंच. निरोप समारंभाला आले नाहीत. तेव्हा लागलं होतं.

जुनी खुर्ची

रोखठोक यांचा हिशेब बरोबर आहे, पण माणसं त्या हिशेबाने वागत नाहीत. अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे शेअर गुंतवणुकीचे गुरू बेंजामिन ग्रॅहम यांच्याकडे कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९५१ मध्ये बाहेर पडल्यावर म्हणाले, तुमच्याकडे फुकट काम करतो. ग्रॅहम यांनी नकार दिला. बफे तीन वर्षं दुसरीकडे काढून चिकाटीने संपर्कात राहिले आणि १९५४ मध्ये त्यांना तिथे नोकरी मिळाली. त्याच वर्षी झालेल्या मुलाचं नाव हॉवर्ड ग्रॅहम बफे.

मला खरा आवडतो तो पुढचा भाग. ग्रॅहम यांची रीत म्हणजे स्वस्तात पडलेला शेअर उचलायचा, कंपनी सुमार असली तरी चालेल. बफेंनी पुढे आपले भागीदार चार्ली मंगर यांचं ऐकून ती बरीचशी सोडली आणि चांगल्या कंपनीला रास्त भाव द्यायला लागले. तरी ग्रॅहम यांचं नाव आदराने घेणं कधी थांबवलं नाही. ऋण मानायचं म्हणजे त्यांच्याच पायवाटेने जन्मभर चालायचं, असं कुणी सांगितलंय?

रोखठोक

बफेंचं उदाहरण सोपं आहे हो, ग्रॅहम भला माणूस होता. अवघड उदाहरण घ्या. विल्यम शॉकली. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एक. त्याने आपल्या प्रयोगशाळेत हुशार पोरं वेचून आणली, आणि मग त्यांच्यावर इतका संशय घ्यायला लागला की खोटं पकडण्याच्या यंत्रावर त्यांची तपासणी करायची भाषा सुरू झाली. १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. त्यांना 'गद्दार आठ' हे नाव चिकटलं. त्यांतल्याच रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. खाल्ल्या मिठाला जागत बसले असते तर काय झालं असतं?

जुनी खुर्ची

नॉइसचं नाव काढलंत हे बरं झालं. आता त्याचीच दुसरी बाजू. स्टीव्ह जॉब्सला १९८५ मध्ये त्याच्याच कंपनीतून, ॲपलमधून, बाहेर काढलं. पुढे २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या भाषणात त्याने सांगितलं की आधीच्या पिढीच्या उद्योजकांची आपण मान खाली घातली असं तेव्हा वाटलं, आणि ह्युलेट-पॅकार्डचे डेव्हिड पॅकार्ड आणि बॉब (म्हणजे रॉबर्ट) नॉइस यांना भेटून माफी मागायचा प्रयत्न केला. हा तोच नॉइस. ज्याला गद्दार म्हटलं, त्याच्यासमोर एक पोरगा मान खाली घालून उभा. त्या माफीची किंमत बेकरच्या कुठल्या रकान्यात भरायची ते सांगा.

रोखठोक

भरता येत नाही, मान्य. पण जॉब्सने माफी मागितली कारण त्याला मागावीशी वाटली. ग्रुपवर सगळे लिहितायत म्हणून नव्हे.

साडेपाच

मी इतका वेळ नुसती वाचत होते. मला सातवा प्रश्न कधी कुणी लिहून दिला नाही.

आमचे साहेबही फार मोठे, माणसं घडवणारे म्हणून नाव असलेले. ते मोकळे व्हायचे संध्याकाळी सातनंतर. तेव्हा जे टेबलाशी असत, त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसायचे, जुने सौदे सांगायचे, कागद तपासायचे. मी साडेपाचला निघत असे, घरी दीड वर्षाचं मूल होतं. सकाळी आल्यावर पोरांच्या टेबलावर त्यांच्या अक्षरातले कागद दिसायचे. एकदा शेजारच्या टेबलावरचा मी चोरून वाचला. फार छान शिकवत होते, खोटं कशाला बोलू.

त्यांनी मला कधी दुखावलं नाही. माझं नाव कुणी विचारलं की बरोबर सांगायचे. त्यांच्या निवृत्तीला 'सरांनी आम्हाला घडवलं' म्हणणारे अकरा जण मंचावर होते. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मंडळी ऋण फिटतं की नाही यावर भांडताय. ते मिळतं कुणाला, हे कुणी विचारलंच नाही.

टाचणी

साडेपाच, हे वेगळा धागा काढून लिहा.

शेवटचं पान

नको, इथेच राहू दे.

अर्धविराम

साडेपाच, माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही तसंच होतं, सातनंतर. कोरा कागद दुपारी मिळाला, पण साहेब मला ओळखत होते ते संध्याकाळच्या बसण्यामुळे. माझ्या स्वतःच्या टीममधून कोण थांबतं ते आज मोजलं. चौघं. चारही पुरुष.

साहेबांना मी मेसेज केला. 'आज जो काही आहे' वगैरे सगळं खोडलं. लिहिलं: "तुम्ही हिरव्या शाईने घातलेला सातवा प्रश्न अजून चालू आहे. दोनदा तरी त्याने मोठा तोटा वाचवला." बस.

रोखठोक

हे चालेल. यावर माझाही आक्षेप नाही. उत्तर आलं का?

अर्धविराम

आलं. "आपल्या शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार." ग्रुपवर विचारलं, सगळ्यांना तेच गेलंय. बहुतेक ऑफिसमधून कुणीतरी पाठवतंय.

रोखठोक

मग? आता तरी पटलं?

अर्धविराम

नाही. पण गंमत सांगू, त्यांना तो कागद आठवत नसेल हे सोळा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.