शांत सकाळ हवी तर पाचच्या आत उठायलाच हवं. पटतं का?

गिरणाकाठची शिक्षिका
माझं मत ठाम आहे. आपल्या खानदेशात सकाळ निवांत हवी असेल तर पाचच्या आत अंथरूण सोडायला हवं. सात वाजता उठणाऱ्याच्या वाट्याला फक्त धावपळ येते.

चार वर्षांपूर्वीपर्यंत मी साडेसहाला उठायचे. डबा, मुलाचा हरवलेला मोजा, आठ वीसची बस. शाळेत पोचेपर्यंत डोकं भणभणलेलं असायचं आणि पहिल्या तासाला पोरांवर उगाच ओरडणं व्हायचं. आता पावणेपाचला उठते. चहा घेऊन ओट्यावर बसते. मोबाईल आत चार्जिंगला असतो. निंबावर साळुंक्या बोलू लागल्या की उठून सडा टाकते. तो अर्धा तास माझा असतो आणि दिवसभर पुरतो.

आपल्याकडचं ऊनही तेच सांगतं. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो, दहानंतर अंगणात पाय ठेववत नाही. कुरडयांचा चीक आपल्या आया पहाटेच घाटायला घ्यायच्या, ऊन चढायच्या आत वाळवण खाटेवर पडलेलं असायचं. त्यांनी ऊन ओळखून दिवस लावून घेतला होता. आपण तो मोडला.

तापीकाठचा शेतकरी
ताई, रातले पानी भरनारा मानूस पहाटे कसा उठी?

शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीनं मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. काही फिडर (वीजवाहिन्या) सौरऊर्जेवर गेले, तिथे दिवसा वीज आहे. आमचा अजून नाही. रातपाळी असली की लाईट मध्यरात्री येते. डिसेंबरच्या थंडीत गव्हाला पाण्याचे बारे द्यायचे, बॅटरी तोंडात धरून चिखलात उभं राहायचं, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. तुम्ही ओट्यावर चहा घेता तेव्हा मी वाफा मोडत असतो. घरी येऊन हातपाय धुऊन पडतो ते साडेसात होतात. बायको पोरांना खुणेनं गप्प करते. माझी सकाळ अकराला होते आणि ती मला गोड लागते. मग मी आळशी का?

पांझराकाठचा निवृत्त
भाऊ, तुम्हाला आळशी कोण म्हणेल? पण ताईंचा मुद्दा त्यानं खोटा पडत नाही. तुमची झोप विजेच्या पाळीनं मोडली आहे. भांडायचं ते दिवसा वीज मिळावी म्हणून.

मी स्वतः रोज पाचला उठतो, रविवारीही. शरीर वेळेला सरावतं. रोज एकाच वेळी उठलं आणि सकाळचं कोवळं ऊन डोळ्यांवर घेतलं की रात्री झोपही त्याच वेळेला येते. आज पाच, उद्या आठ असं केलं तर घड्याळ कितीही महागडं आणा, अंग जडच राहणार.

दवाखान्यात काम करणारी
वेळ ठरलेली हवी, हे मान्य. ती पाचचीच का हवी?

मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. पावणेपाचला उठायचं तर पावणेदहाला झोप लागलेली हवी. मे महिन्यात आपल्या घरांचा स्लॅब किती वाजता निवतो? आम्ही गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकतो, तरी बारापर्यंत गादी गरम लागते. बाराला झोपून पावणेपाचला उठणं म्हणजे पावणेपाच तास झोप. असं महिनाभर केलं की चिडचिड वाढते, रक्तदाब वाढतो. सकाळी आठच्या रांगेत अशी माणसं मी रोज बघते.

शिवाय आपण भारताच्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून सुमारे सात अंश पश्चिमेला आहोत. सूर्य आपल्याकडे त्या रेषेपेक्षा साधारण २८ मिनिटं उशिरा येतो. जूनच्या सुरुवातीला पावणेसहाला उगवतो, जानेवारीत सातच्या पुढे. जानेवारीत पाचला उठून कोवळं ऊन कुठून घेणार, काका? लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून सरकारनेही २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. मग मोठ्यांच्या झोपेला काहीच किंमत नाही का?

बोरीकाठची सून
सगळे घड्याळावर भांडताय. माझा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या शांत सकाळीची कामं कोण करतं?

लग्न झाल्यावर मी पण पाचला उठायचे. शांतता एक दिवसही मिळाली नाही. बाईमाणूस आधी उठलं की तिला काम सापडतं. मोटर लावा, पिंप भरा, सासऱ्यांचं पाणी तापवा, भाकरी थापा. भाकरीचं पीठ रात्री मळून ठेवता येत नाही, ते तव्यापाशीच मळावं लागतं. आजीच्या काळात पहाटे जातं होतं. जात्यावरच्या ओव्या सगळ्यांना आठवतात. दोन पायली दळून तिचे खांदे भरून यायचे, ते मला आठवतं.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. छात्रालयातल्या मुलांची अंथरुणं ते स्वतः आवरायचे, कपडे धुवायचे. माझे वडील ही गोष्ट सांगायचे, तेव्हा माझ्या मनात यायचं, त्या मुलांच्या सकाळी किती हलक्या असतील! एका मोठ्या माणसानं ओझं उचललं होतं म्हणून.

आमच्याकडे मागच्या दिवाळीपासून वाटणी केली. पाणी भरणं नवऱ्याकडे. दूध आणि अंगण सासऱ्यांकडे. भाजी रात्रीच निवडून ठेवायची, दप्तरं रात्रीच दाराशी. मी सहाला उठते, पाचला नाही. सव्वासातला पोरं गेली की वीस मिनिटं झोक्यावर बसते, तेव्हा कोणी हाक मारत नाही. सुरुवातीला सासूबाईंना आवडलं नव्हतं. आता त्याही शेजारी येऊन बसतात.

पांझराकाठचा निवृत्त
आमच्याकडे चहा अजून हीच करते. मी पाचला उठतो म्हणजे तीही उठते. हे आजवर मी मोजलं नव्हतं.

गिरणाकाठची शिक्षिका
सूनबाईंचं वाचून रात्री घरी विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "तू भांडं वाजवलंस की मी जागी होते. तुला एकटीला बसायचं असतं म्हणून बाहेर येत नाही, पडून राहते." चार वर्षं! मला कळलंसुद्धा नाही.

उन्हाळ्यात लवकर उठावं, हे माझं मत अजून तसंच आहे. त्या दिवसांत दुपारी तासभर झोपून भरपाई करता येते, आपल्याकडे ती पद्धत आहेच. पण जानेवारीत पाचचा हट्ट मी सोडते, सहाला उठेन. आणि सकाळी लागणारी भांडी रात्रीच ओट्यावर काढून ठेवायला लागले आहे. काल दोन कप चहा केला.

तापीकाठचा शेतकरी
आमची रातपाळी काल संपली. आता तीन दिवस दिवसा लाईट. पोरगी म्हणते, पप्पा, उद्या शाळेत सोडायला तुम्हीच या. साडेसहाचा गजर लावला आहे.