अबोली नको तर सुरंगी

मुलीसाठी फुलाचं नाव सुचवा, या पोस्टमधली ‘अबोली ठेवलं तर मुलगी घुमी निघेल’ ही सासूबाईंची भीती वाचून हसू आलं. आमच्या वर्गातल्या अबोलीला बाई बडबडीपायी कायम पहिल्या बाकावर बसवायच्या!

केतकीवरही घरात फाटे फुटतील हं, केतकी म्हणजे केवडा, नि शंकराला केवडा वाहत नाहीत. प्राजक्ता, सायली गोडच, पण वर्गात दोन-तीन असायच्याच.

माझं मत सुरंगीला. वेंगुर्ल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ही फुलं थेट फांदीलाच लगडतात, पांढऱ्या पाकळ्या नि मधे पिवळ्या केसरांचा झुबका. वळेसार (गजरा) सुकला तरी वास जात नाही. हाक मारायलाही सोपं.

फारच वेगळं वाटलं तर बकुळ. बकुळा मात्र नको, उगाच आजीबाई वाटते.