अमेरिकेतलं कलम ७: प्रकल्पांना अडसर की नुसता शिक्का?

रानवाट: अमेरिकेच्या १९७३च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यातलं कलम ७ सैल करा, ही मागणी सारखी होते. सरकारी खातं एखादं काम करणार, त्याला पैसे देणार किंवा परवाना देणार असेल, तर आधी वन्यजीव विभागाशी सल्लामसलत करायची, हे त्याचं सार. २००८ ते २०१५ दरम्यानच्या ८८,२९० सल्लामसलती एका अभ्यासात तपासल्या. एकही प्रकल्प त्यामुळे थांबलेला नव्हता. मग अडतंय कुठे?

पुलबांध्या: थांबला नाही म्हणजे रखडला नाही असं नव्हे. औपचारिक सल्लामसलतीला ९० दिवस, त्यावर विभागाला आपलं अभिमत लिहायला ४५. पण ही मोजणी कागदपत्रं पूर्ण झाल्यावर सुरू होते. काही सर्वेक्षणं विणीच्या हंगामातच होतात. हंगाम हुकला की वर्ष गेलं.

रानवाट: मग विभागाला माणसं द्या. कायदा कशाला छाटायचा?

ओहोळ: मला तर तो शून्यच खटकतो. एवढ्या फायलींत एकदाही ठाम नकार नाही? कसोटीच तशी आहे: या कामामुळे अख्खी प्रजाती धोक्यात येईल का? एका पुलाने ती येत नाही, शंभर पुलांनी येते. आणि निकाल मात्र एकेका पुलाचा लागतो.

रानवाट: नकार दिसत नाही कारण आराखडा आधीच बदलतो. रस्ता सरकवतात, विणीच्या काळात काम बंद ठेवतात. शिवाय या कलमामुळे अडलेलं टेलिको धरण विसरू नका.

पुलबांध्या: मग टेलिको पूर्ण सांगा. टेनेसीतलं हे धरण जवळपास बांधून झालेलं, तरी स्नेल डार्टर या तीनेक इंची माशासाठी सुप्रीम कोर्टाने १९७८मध्ये अडवलं. पुढच्या वर्षी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, सूट दिली, धरण भरलं. मासाही तगला; २०२२मध्ये तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून बाहेर आला.

ओहोळ: आपोआप नाही तगला. त्याला उचलून दुसऱ्या नदीत सोडावं लागलं. आणि सूट द्यावी का, हे ठरवायला नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने जानेवारी १९७९मध्ये एकमताने नकार दिला होता, कारण उरलेल्या कामाचा खर्चसुद्धा फायद्यातून निघत नव्हता! काँग्रेसने तो निर्णय डावलला, हे का सांगत नाही?

पुलबांध्या: तो हिशेब महत्त्वाचाच. पण तो पहिली वीट लावण्याआधी व्हायला हवा होता. धरण तोट्याचं आहे हे कळायला माशाचा खटला का लागावा?

रानवाट: कारण बांधणाऱ्या खात्याला बाहेरच्या कुणासमोर उत्तर द्यावं लागेल अशी दुसरी जागाच तिथे उरली नव्हती. म्हणून तर हे कलम हवं.