मोका पॉटची कॉफी माझ्या हातून करपट का होते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी लातूरची. आमचं घर चहाचं. कॉफी म्हणजे पाहुणे आले की उकळत्या दुधात टाकायची पूड, एवढीच ओळख. लेक बंगळुरूला नोकरीला आहे. मागच्या दिवाळीला येताना ती अॅल्युमिनियमचा मोका पॉट घेऊन आली, तीन कपांचा. खालच्या भांड्यात पाणी, मध्ये चाळणीत पूड, गॅसवर ठेवलं की वाफेच्या दाबानं कॉफी वरच्या भागात चढते. चार दिवस रोज संध्याकाळी तिनं कॉफी करून पाजली. काळी, दाट, चिमूटभर साखर. मला इतकी आवडली की जाताना पॉट इथंच ठेवून गेली.

तेव्हापासून मी करतेय, पण एकदाही तशी झाली नाही. करपट लागते आणि जिभेवर तुरटपणा राहतो. तिला फोनवर विचारलं तर म्हणते, "अंदाजानं गं आई, त्यात काय एवढं." तिचा अंदाज बरोबर येतो, माझा येत नाही. म्हणून मी काय करते ते जसंच्या तसं लिहिते. चूक कुठं होते ते दाखवा.

खालच्या भांड्यात बोअरचं पाणी घालते, वॉल्व्हच्या जरा वर येईपर्यंत. कमी घातलं तर कॉफी कमी निघेल असं वाटतं. चाळणीत पूड भरून चमच्याच्या पाठीनं दाबते. लेकीनं आणलेली पूड संपली, आता दुकानातली फिल्टर कॉफीची आणते. पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) ४० टक्के लिहिलंय. वरचा भाग घट्ट आवळते. पॉट एवढासा आणि शेगडीचा स्टँड मोठा, म्हणून मध्ये वांगं भाजायची जाळी ठेवते. गॅस मोठाच. एकदा जाळ बाजूनं वर आला आणि हँडल मऊ पडून वास सुटला, तेव्हापासून हँडल जाळाच्या बाहेर येईल असं वळवून ठेवते.

मग पाच-सहा मिनिटं वर काहीच येत नाही. दोन भागांच्या जोडातून वाफ फुसफुसते, तपकिरी थेंब बाहेरून ओघळून जाळीवर चरचरतात. नंतर एकदम फर्रकन कॉफी उडते, झाकण उघडं असलं तर ओट्यावर शिंतोडे. आवाज पूर्ण थांबेपर्यंत मी उतरवत नाही, कारण खाली पाणी उरलेलं बघवत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते याच गावात. तेव्हापासून वाटीभर पाणी ओतायचंही जिवावर येतं.

आणखी एक. खालच्या भांड्यात आतून पांढरा थर धरलाय, गिझरच्या कॉइलवर धरतो तसा. आणि कॅफेतल्या एस्प्रेसोवर असतो तो सोनेरी फेस माझ्या कॉफीवर कधीच आला नाही. तो यायला हवा का?

प्रतिसाद

ताई, सगळ्यात आधी वॉल्व्ह. पाणी त्याच्या खालीच राहिलं पाहिजे, यात तडजोड नको. तो कुकरच्या सेफ्टी वॉल्व्हसारखाच आहे. तो पाण्यात बुडाला किंवा क्षारानं चिकटला, आणि वरून तुमची दाबलेली पूड, तर कोंडलेल्या वाफेला वाटच उरत नाही. जोडातून वाफ येते ती त्यामुळेच. पूड दाबायची नाही. चाळणी काठापर्यंत सैल भरायची, बोटानं सपाट करायची आणि काठावर सांडलेले कण पुसून घ्यायचे. ते कण वायसरखाली आले तरी जोड गळतो. अर्धी चाळणी भरून एकाच कपाची करायला जाऊ नका, पाणी पुडीला नीट न भिडता वर निघून जातं.

लेकीची पूड संपून आता दुसरी आणता, हे तर तुम्हीच लिहिलंय. फिल्टरची पूड बारीक असते, त्यात चिकोरी भिजली की चिकट होते आणि चाळणी तुंबते. बिनचिकोरीची घ्या. दळण बारीक मिठासारखं हवं, चिमटीत कण लागले पाहिजेत. बिया मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळत असाल तर थांबून थांबून फिरवा, नाहीतर पूड गरम होते.

गॅस बारीक. सगळ्यात लहान बर्नर, आणि जाळ बुडाच्या बाहेर यायला नको. जाळी ठेवता ते बरोबरच आहे. पाणी आधी भगुन्यात तापवून घातलं तर पॉट कमी वेळ गॅसवर राहतो आणि पूड आत भाजत बसत नाही. फक्त आवळताना खालचा भाग फडक्यानं धरा, चटका बसतो. कॉफी मधाच्या धारेसारखी संथ यायला लागली पाहिजे. धार फिकट पिवळी झाली आणि गुडगुड सुरू झाली की उतरवा. त्यानंतर पाणी कमी आणि वाफच जास्त येते, ती चोथ्यातला कडूपणा ओढून आणते. तुमची कॉफी करपते ती मुख्यतः इथंच. खाली थोडं पाणी उरणारच, पॉटची रचनाच तशी आहे.

फेसाचं म्हणाल तर त्याची वाट बघू नका. एस्प्रेसोच्या मशीनमध्ये दाब साधारण ९ बार (बार म्हणजे दाबाचं माप) असतो, या पॉटमध्ये जेमतेम १-२. त्या फेसाला हा दाब पुरत नाही. अल्फोन्सो बियालेत्ती यांनी हा पॉट १९३३ साली इटलीत आणला तो घरच्या गॅसवर दाट कॉफी मिळावी म्हणून. मोका हे नाव येमेनच्या मोखा बंदराचं. ही कॉफी वेगळी आहे आणि माझ्या मते संध्याकाळी प्यायला हीच बरी.

प्रतिसाद

मी अंबाजोगाईचा, आमच्याकडंही बोअरचंच पाणी. ताई, प्यायचं जारचं पाणी वापरून बघा. जड पाण्यात कॉफीची आंबटसर चव मरते, नुसता कडूपणा उरतो. आतल्या थरासाठी पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्त्व घालून पंधरा मिनिटं ठेवा, मग पूड न घालता एकदा पॉट चालवा आणि धुऊन टाका. वॉल्व्हची पिन बोटानं हलते का तेही बघा. न हलणारा वॉल्व्ह असेल तर पॉट वापरू नका. चिंच-राखेनं घासायचं नाही, तारेची घासणीही नको. हे पितळ नव्हे.

आणि गुडगुड झाल्यावर पॉट नळाखाली धरा असं सगळे सांगतात. मी ओट्यावर ओलं फडकं घडी करून ठेवतो, त्यावर पॉट टेकवतो. चर्र होतं आणि उकळी थांबते. पाणी वाया जात नाही.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी केली. जारचं पाणी, वॉल्व्हच्या बोटभर खाली. दुकानात बिनचिकोरीची पूड मिळाली, तीही न दाबता भरली. लहान बर्नर. झाकण उघडं ठेवून बघत उभी राहिले. चार मिनिटांनी मधल्या नळीतून आधी एक काळा थेंब, मग दोन्ही बाजूंनी अशी गुळाच्या पाकासारखी धार आली की मी यांना स्वयंपाकघरात हाक मारली. गुडगुड ऐकली, ओल्या फडक्यावर टेकवली. करपट वास नाही. लेकीच्या हातची नाही, पण त्याच वाटेवरची आहे.

वॉल्व्हची पिन हलते. पण जोडातून अजून एक-दोन थेंब येतात. वायसर काढून बघितला, एका बाजूनं कडक होऊन चिरलाय. कुकरच्या वायसरवाल्याकडं एवढ्या लहान मापाचा मिळत नाही. वायसर मिळेपर्यंत पॉट बाजूला ठेवतेय. बाहेरचा व्यास पट्टीनं ६५ मिलिमीटर भरला. लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरात कुठं मिळतो हे कुणाला माहीत आहे का? सिलिकॉनचा घ्यावा की रबराचा?