यादीत नाव म्हणजे बेडी नव्हे

वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेत घर ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेलं की मालकाला खिळाही ठोकता येत नाही. तसं नाहीये. आपल्या डोक्यात पुरातत्त्व खात्याचा १०० मीटरचा नियम असतो (संरक्षित स्मारकाभोवती तेवढ्या अंतरात बांधकामाला बंदी), त्यामुळे असं वाटतं बहुतेक.

१९६६च्या कायद्याने सुरू झालेल्या या यादीत खाजगी मालकाने हरकत घेतली तर त्याची वास्तू घेतच नाहीत. घेतली तरी स्वतःच्या पैशाने तो ती बदलू शकतो, अगदी पाडूही शकतो. गावाचे वेगळे निर्बंध असले तर गोष्ट निराळी. उलट भाड्याने दिलेली किंवा धंद्याची वास्तू नियमांनुसार दुरुस्त केली तर खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते.

उदाहरणार्थ कॅन्सस राज्यातली चेस काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) घ्या. वस्ती जेमतेम अडीच हजार, बाकी सगळं गवत आणि गुरं. पण तिथल्या कॉटनवुड फॉल्स गावातलं, या यादीत असलेलं १८७३चं कोर्ट बघाच! तिथल्याच चुनखडीच्या दगडात बांधलेलं, वर लाल मॅन्सार्ड (दुहेरी उताराचं) छप्पर, आत अक्रोडाच्या लाकडाचा गोल जिना. वास्तुरचनाकार जॉन हॅस्केल, ज्याने राज्याच्या विधानभवनावरही काम केलं. आणि काउंटीचा कारभार अजून तिथूनच चालतो. (आपल्याकडे एव्हाना पत्र्याची शेड जोडली असती.)

जवळच यादीतलंच स्प्रिंग हिल रँच (गुरं पाळायची मोठी वाडी) आहे, १८८१चं दगडी घर, तीन मजली गोठा, शिवाय टेकडीवर एकखोली शाळा. मला कोर्टापेक्षा ती शाळाच जास्त आवडली.