सकाळी सेल्फ रडतो, दुपारी एकदम ओके... बॅटरीच गेली का?

लष्करची_मृणाल
नमस्कार मंडळी, बाबांची पेट्रोल हॅचबॅक आहे, बॅटरी गाडीबरोबर आलेली तीच, आता पाचवं वर्ष चालू आहे. इथे ग्वाल्हेरला कोहरा सुरू झाल्यापासून सकाळी चावी फिरवली की घुर्र... घुर्र करत दमून फिरतो सेल्फ, मीटरचे दिवे मंद होतात आणि मग कशीबशी चालू होते. दुपारी ऊन आलं की जणू काही झालंच नव्हतं. गाडी चालते तरी किती म्हणा, बाड्यापर्यंत भाजीला आणि गुरुवारी देवळात, बस.
बॅटरीच्या दुकानात गेले तर त्याने बोनेट उघडायच्या आधीच "बैटरी बैठ गई" म्हणून नवीनचा भाव सांगितला. आमचे मिस्त्री म्हणतात टर्मिनल साफ करा, चार्जिंगला लावा, अजून वर्षभर ओढेल. बाबांना अर्थातच मिस्त्रींचं पटलंय 😄 कोणाचं ऐकू? घरी मल्टीमीटर आहे पण कुठे काय लावायचं ते माहीत नाही.

मुरारवाले_काका
अगं दोघांनीही मोजलेलं नाही, तर कोणाचंच कशाला ऐकायचं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेव. आणि हो, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात नाही ना ते आधी बघ, तशीच बॅटरीला लावलीस तर मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल. मग लाल प्रोब (वायरचं टोक) बॅटरीच्या प्लसला आणि काळा मायनसला लाव.
पहिलं रीडिंग सकाळी, गाडीला हात लावायच्या आधी. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली असेल तर आधी नीट चार्ज कर, मगच पुढचं बघ, उतरलेल्या बॅटरीची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.
दुसरं रीडिंग खरं महत्त्वाचं. कुणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि आकडा कितीपर्यंत पडतो ते बघ. चांगली बॅटरी ९.६ च्या खाली जात नाही, कडक थंडीत थोडं इकडेतिकडे धर. नुसत्या उभ्या गाडीवर १२.५ दाखवणारी बॅटरीसुद्धा सेल्फचा लोड आला की बसते, म्हातारी बॅटरी ओळखायची तर इथेच.
तिसरं, गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ यायला हवं. नाही आलं तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याचा बेल्ट बघावा लागेल, नाहीतर नवीन बॅटरीही महिन्याभरात अशीच रडेल. (काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी करतो, मग हेडलाइट लावून बघायचं.)
मिस्त्रींची शंकाही काढून टाक. एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरा त्याच खुंटीला वायर पकडणाऱ्या क्लॅम्पवर, आणि सेल्फ मार. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कॉन्टॅक्ट खराब, खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घास.

इंदूरी_पोहेवाला
काकांनी सगळं सांगितलंच आहे. फक्त एक, बॅटरीची वाट थंडीत लागत नाही, ती लागते मे-जूनमध्ये. तुमच्याकडे ४५ डिग्रीत उन्हात उभ्या गाडीच्या बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या जाळ्या गंजतात, आणि मग डिसेंबरात इंजिन ऑइल घट्ट झालं, सेल्फला करंट जास्त लागला की बिंग फुटतं. त्यात रोज दोन किलोमीटर चालवली तर सेल्फने खाल्लेलं भरूनच निघत नाही.
आणि बॅटरीवरचा चार्ज दाखवणारा हिरवा डोळा बघून खूश होऊ नका, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.
बाकी तुमचा ग्वाल्हेरचा व्यापार मेळा लागतोच आहे, तिथे गाडी घेणाऱ्यांना आरटीओच्या टॅक्समध्ये सूट जाहीर झाली तर बाबांना म्हणावं गाडीच बदला 😜

लष्करची_मृणाल
मेळ्याचं नाव काढू नका, बाबा खरंच निघतील.
मोजलं. सकाळी १२.५, सेल्फ मारताना ८.३ पर्यंत पडलं, चालू गाडीत १४.२. खुंटी ते क्लॅम्प जवळपास शून्य. म्हणजे दुकानदार न बघताच बरोबर निघाला का 🙄

मुरारवाले_काका
निघाला खरा. अल्टरनेटर ठीक, क्लॅम्प ठीक, म्हणजे बॅटरीच गेली. आता ती चार्ज करत बसू नका.
घेताना जुन्या बॅटरीवरचा नंबर फोटो काढून ने, त्यात शेवटी एल की आर आहे ते जुळलंच पाहिजे, नाहीतर प्लस-मायनस उलट्या बाजूला येतात आणि वायर पोचत नाही. बनल्याची तारीख विचार, फार जुना माल नको, दुकानात नुसती ठेवलेली बॅटरीही उतरते. तिथेच मीटर लाव, १२.५ च्या खाली असेल तर दुसरी माग. वॉरंटीत फ्री बदलून किती महिने आणि प्रो-राटा (म्हणजे वापरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने नुसती सूट) किती ते कार्डावर लिहून घे, नुसत्या "५५ महिने" वर जाऊ नको.
काढताना १० नंबरच्या पान्याने आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. कारण मायनस आधीच सुटला असेल तर प्लसवरचा पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

वडोदेकर_अनु
गाडीला स्टार्ट-स्टॉप आहे का ते बघ गं, म्हणजे सिग्नलला आपोआप बंद होणारी. असेल तर साधी बॅटरी टाकू नकोस, ईएफबी किंवा एजीएम (सारखं चालू-बंद सोसणारी बॅटरी) लागते, साधी त्यात फार टिकत नाही. आणि बदलल्यावर घड्याळ नि काचांचं ऑटो परत सेट करावं लागेल, घाबरू नकोस.

लष्करची_मृणाल
स्टार्ट-स्टॉप नाहीये. जुनीचं काय करू? मिस्त्री म्हणतात मला द्या.

मुरारवाले_काका
दुकानातच एक्स्चेंजला दे, नवीनच्या भावातून वजा करतात. आत शिसं आणि ॲसिड आहे, म्हणून २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे ती रीतसर रिसायकलिंगलाच जायला हवी. मिस्त्रींना चहा पाजा.