पाचवीतल्या मुलाचं ऱ्हस्व-दीर्घ कसं सुधारायचं?

मुलगा इंग्लिश मीडियमला आहे. मराठी वाचतो पण जोडाक्षर आलं की थांबतोच, आणि लिहिताना फुल, गरिब, पाणि असं काहीही. रोज दहा ओळी लिहून घेते तरी फरक नाही, काय करू?

मुक्ताई: नुसतं बघून उतरवणं आधी बंद करा, त्यात कान चालतच नाहीत. चारच वाक्यं श्रुतलेखन द्या आणि चुका त्यालाच शोधू द्या.

जुना मास्तर: ताई, नियम मोजकेच घ्या, आठवड्याला एक. शब्दाच्या शेवटी इ-उ आला की दीर्घ, पाणी, कवी, गुरू (आणि, नि सोडून). शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इ-उ दीर्घ, म्हणजे फूल, गरीब, पण प्रत्यय लागला की फुलाला, गरिबाला. गुण, विष हे संस्कृतातून आलेले, त्यांचं नंतर बघू. आणि प्लीज लाल पेनाने पान भरू नका हो, पोरं लिहायचंच सोडतात.

सईची आई: जोडाक्षरं फोडून म्हणून घ्या, पु-स्-त-क. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर लेव्हलनुसार मराठी गोष्टी फ्री आहेत, सोप्या लेव्हलपासून सुरू करा. बाळबोध वाटल्या तर धाकट्या भावंडाला वाचून दाखवायला सांगा.